गुराचें औषध आणि बुडत्याची काडी

मुळशी तालुक्यांत ज्यांच्या दावणीला दोन गुरें किंवा चार शेळ्या आहेत त्यांस जंताचें औषध कांहीं नवें नाहीं. पावसाळा लागला कीं भाताच्या खाचरांत व धरणाकांठच्या ओल्या गवतांत जनावरें चरतात, त्यांच्या पोटांत कृमी होतात, आणि गोगलगाईंच्या द्वारें पसरणारे चपटे कृमी तर थेट यकृतांत जाऊन बसतात. मग आपण गुरांच्या दवाखान्यांत जाऊन पातळ औषध आणतों व जनावराचें तोंड वर धरून तें पाजतों. खंगलेली शेळी थोड्याच दिवसांत पाल्यावर तोंड टाकूं लागते. अशा औषधावर आपला विश्वास बसावा यांत नवल नाहीं.

परंतु गेल्या कांहीं वर्षांत याच औषधांविषयीं एक निराळी वार्ता गांवोगांवीं पोंचूं लागली आहे. मोबाईलवर निरोप येतो कीं कुत्र्यांस व गुरांस जंतांवर देण्यांत येणारें फेन्बेंडाझोल, किंवा त्याच कामाचें आयव्हर्मेक्टिन, माणसानें घेतलें तर कर्करोग बरा होतो. अमुक देशांतील अमुक गृहस्थ बरा झाला. औषध स्वस्त असल्यामुळें कंपन्या व डॉक्टर ही गोष्ट दडवून ठेवितात. ज्याच्या घरांत कर्करोगाचा रोगी अंथरुणाला खिळला आहे त्याच्या हातीं असा निरोप पडला म्हणजे त्याच्या मनाची काय स्थिति होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. तो आपल्या विश्वासाच्या माणसाकडे जातो. तो माणूस उपदेशक असेल, शाळेचा मास्तर असेल, आशाताई असेल किंवा शेजारचा चार बुकें शिकलेला मुलगा असेल. त्याला तो विचारतो, "मास्तर, हें आमच्या आईला द्यावें काय?"

हा प्रश्न निव्वळ वैद्यकाचा असता तर तो डॉक्टरांवर सोंपवून आम्ही स्वस्थ बसलों असतों. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न आहे, व तो नीतीचा आहे. संकटांत सांपडलेल्या माणसाची आशा आपल्या हातीं आली असतां तिच्याशीं आपण कसें वागावें? आशा देणें हें नेहमींच पुण्यकर्म आहे काय? आणि ती काढून घेणें हें नेहमींच क्रूरपणाचें आहे काय? या प्रश्नांचा थोडा विचार आज आम्ही वाचकांबरोबर करूं इच्छितों.

प्रथम एक उतावळें उत्तर बाजूस सारूं. कित्येक शिकलेले लोक हा निरोप ऐकतांच हंसतात व म्हणतात, "जनावरांचें औषध माणसाला? काय हा अडाणीपणा!" हें उत्तर आम्हांस पसंत नाहीं, कारण त्यांत तुच्छता आहे, विचार नाहीं. औषध प्रथम कोणाला दिलें यावरून तें कोणाच्या उपयोगीं पडेल हें ठरत नाहीं. आयव्हर्मेक्टिनचेंच पाहा. जपानांतील सातोशी ओमुरा यांनीं मातींतून एक सूक्ष्म जंतु वेगळा केला, अमेरिकेंत विल्यम कॅम्बेल यांनीं त्यापासून कृमींवरील औषध सिद्ध केलें, आणि १९८१ पासून तें गुरांमेंढरांस मिळूं लागलें. पुढें असें दिसून आलें कीं आफ्रिकेंत नदीकांठच्या माशांच्या दंशानें जो कृमिरोग होऊन माणसें आंधळीं होतात त्यावर हेंच औषध गुणकारी आहे. १९८७ पासून तें त्या लोकांस फुकट वांटण्यांत येऊं लागलें. लाखो माणसांची दृष्टि वांचली, व २०१५ सालीं त्या दोघां शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आपल्या अंगणवाडींत व शाळेंत मुलांस जंतांची जी अल्बेंडाझोलची गोळी चघळावयास देतात तीही फेन्बेंडाझोलच्याच कुळांतली आहे, व त्या कुळाची औषधें गोठ्यांतही चालतात. तेव्हां "गुराचें औषध" एवढ्यावरून नाक मुरडण्याचें कारण नाहीं.

इतकेंच नव्हे, तर मेंढरांच्या जंतांचें एक औषध खरोखरच कर्करोगाच्या उपचारांत आलें होतें, ही गोष्टही प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. त्याचें नांव लेव्हामिसोल. अमेरिकेंत ज्यांच्या मोठ्या आंतड्यांतील कर्करोगाची गांठ शस्त्रक्रियेनें काढली होती अशा १,२९६ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. एका दुसऱ्या औषधाच्या जोडीनें तें दिलें असतां, ज्यांचा रोग जवळच्या ग्रंथींपर्यंत गेला होता त्यांच्यांत रोग उलटण्याचें व मरणाचें प्रमाण कमी झालें असें १९९० सालीं प्रसिद्ध झालें. सरकारनें परवानगी दिली व तें रुग्णालयांत आलें. परंतु पुढील परीक्षांत असें आढळलें कीं त्या दुसऱ्या औषधास निराळा जोडीदार दिला तर लेव्हामिसोलची गरजच उरत नाहीं. शिवाय लेव्हामिसोलनें कांहीं माणसांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी एकाएकीं घटून जीव धोक्यांत येई. म्हणून तें मागें पडलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्या दारानें तें औषध आंत आलें त्याच दारानें तें बाहेर गेलें, आणि तें दार म्हणजे परीक्षा. गोठ्यांतलें म्हणून कोणी त्यास अडविलें नाहीं, आणि एकदां आंत घेतलें म्हणून कोणी त्यास कायमचें ठेवूनही घेतलें नाहीं.

आतां फेन्बेंडाझोलविषयीं शास्त्रज्ञांस कुतूहल कां वाटलें तें पाहूं. प्रत्येक पेशीच्या आंत अतिशय बारीक नळ्यांची एक चौकट असते. या कुळांतील औषधें कृमीच्या पेशींतील ती चौकट जुळूं देत नाहींत. मग कृमीस अन्न घेतां येत नाहीं व तो मरतो. कर्करोगाची पेशी एकाच्या दोन होतांना अशाच नळ्यांचा आधार घेते. आपल्या अंगणांत फुलणाऱ्या सदाफुलीपासून कर्करोगावरील जीं प्रसिद्ध औषधें निघालीं तींही याच नळ्यांवर घाव घालतात. तेव्हां जंताचें औषध कर्करोगावर चालेल ही कल्पना वेडगळ नाहीं. कांचेच्या भांड्यांत वाढविलेल्या पेशींवर व उंदरांवर त्याचा कांहीं परिणाम दिसलाही आहे.

परंतु कांचेचें भांडें निराळें व माणसाचें शरीर निराळें. फेन्बेंडाझोल आंतड्यांतून रक्तांत फारच थोडें शोषलें जातें. आंतड्यांतील कृमी मारावयास तें बरें, पण फुप्फुसांतील किंवा मेंदूंतील गांठीपर्यंत पुरेसें पोंचेल कीं नाहीं हा प्रश्न उरतोच. सदाफुलीचेंही तसेंच आहे. तिच्या पाल्यांतून शेकडों पदार्थांपैकीं नेमके एकदोन वेगळे काढावे लागले, त्यांची मात्रा ठरवावी लागली, व ते शिरेंतून द्यावे लागले. पाला चावून कोणाचा कर्करोग बरा झाला नाहीं. हा भेद गुरें राखणाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं. त्याला ठाऊक असतें कीं पोटांतील गोल कृमींवरचें औषध यकृतांतील चपट्या कृमींवर तितकेंच चालेल असें नाहीं. मात्रा जनावराच्या वजनावर ठरते. आणि गाभण गाईला कोणतेंही जंताचें औषध विचारल्याविना पाजूं नये. जी सावधगिरी आपण गाईसाठीं बाळगतों ती आईसाठीं सोडून द्यावी काय?

यापुढें साक्षीचा प्रश्न येतो, व आमच्या मतें सगळ्या वादाचें मूळ येथेंच आहे. ही वार्ता जगभर पसरली ती अमेरिकेंतील ओक्लाहोमा प्रांतांतील एका गृहस्थाच्या साक्षीवरून. त्याला २०१६ सालीं फुप्फुसाचा कर्करोग झाला व तो शरीरभर पसरला. एका पशुवैद्याच्या सांगण्यावरून त्यानें कुत्र्याचें फेन्बेंडाझोल घेतलें, तो बरा झाला, व २०१९ सालीं त्याची गोष्ट सर्वत्र गाजली. हा मनुष्य लबाड आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तो बरा झाला ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु त्याच काळांत तो एका नव्या औषधाच्या परीक्षेंतही होता. शरीराच्या संरक्षक पेशींस कर्करोगावर सोडणारें तें औषध कित्येक रोग्यांच्या बाबतींत खरोखरच गुण देतें. मग गुण कशानें आला? एकाच खाचरांत खतही घातलें व नवें बियाणेंही पेरलें, आणि पीक चांगलें आलें, तर श्रेय खताला द्यावें कीं बियाण्याला? शेजारीं दुसरें खाचर राखल्याविना तें कोणासच सांगतां येणार नाहीं, मग तो शेतकरी कितीही सत्यवादी असो.

आणखी असें कीं साक्ष द्यावयास कोण येतो? जो बरा झाला तो. ज्यानें तेंच औषध घेतलें व जो मेला, तो उठून सांगावयास येत नाहीं. त्याच्या घरचे लोक दुःखानें व कधीं लाजेनें गप्प राहतात. दक्षिण कोरियांत एका प्रसिद्ध विनोदी नटानें फुप्फुसाच्या कर्करोगावर २०१९ सालीं हेंच औषध घेण्यास आरंभ केला, व सर्व देश त्याच्याकडे पाहूं लागला. तो प्रसिद्ध होता म्हणूनच पुढील हकीकत लोकांस कळली. २०२० सालीं त्यानें स्वतः सांगितलें कीं औषधाचा उपयोग झाला नाहीं, व डिसेंबर २०२१ मध्यें तो वारला. जे प्रसिद्ध नव्हते त्यांच्या हकीकती कोणीं मोजल्या? साक्ष देणारा खरें बोलत असला तरी ऐकणाऱ्याचें काम तेवढ्यानें संपत नाहीं. जे बोलावयास उरले नाहींत त्यांची गणना कोठें झाली आहे, हें त्यानें विचारलें पाहिजे.

अशी गणना न करितां आपण घाई केली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यांत घडलें आहे. मे २०२१ मध्यें करोनाची लाट भरांत असतां तेथील आरोग्यमंत्र्यांनीं जाहीर केलें कीं अठरा वर्षांवरील सर्वांस पांच दिवस आयव्हर्मेक्टिनच्या गोळ्या द्यावयाच्या. लोक घाबरलेले होते, माणसें मरत होतीं, व कांहीं तरी केलें पाहिजे असें प्रत्येकास वाटत होतें. त्यांच्या हेतूविषयीं आम्ही शंका घेत नाहीं. परंतु ब्राझीलांत १,३५८ रोग्यांवर परीक्षा होऊन मार्च २०२२ मध्यें निकाल लागला, तेव्हां दिसलें कीं आयव्हर्मेक्टिन घेणाऱ्यांचें रुग्णालयांत दाखल होण्याचें प्रमाण त्यानें कमी झालें नाहीं. जें औषध आंधळेपण टाळण्यास अमृतासारखें ठरलें तेंच येथें निरुपयोगी ठरलें. औषधाच्या अंगीं एक गुण आहे म्हणून दुसराही असेलच असें नाहीं.

आतां आमच्या वाचकांच्या मनांत जो आक्षेप आला असेल तो घेऊं. ते म्हणतील, "तुम्ही परीक्षेची गोष्ट सांगतां, पण जें औषध चार पैशांना मिळतें त्याची परीक्षा करण्यांत कोणाचा लाभ आहे? कंपनी आपल्या महागड्या औषधासाठीं कोट्यवधि रुपये खर्चील. स्वस्त औषधासाठीं कोण खर्चील?" हा आक्षेप पोकळ नाहीं. ज्या लेव्हामिसोलची गोष्ट वर सांगितली, त्याची परीक्षा करणारे डॉक्टर चार्ल्स मोर्टेल यांनींच १९९२ सालीं उघडपणें तक्रार केली कीं मेंढरासाठीं जी किंमत पडते तिच्या जवळजवळ शंभरपट किंमत कंपनी माणसासाठीं घेत आहे. आणि मुळशीच्या लोकांनीं तर मोठ्या कंपनीच्या शब्दाविषयीं संशय धरावा यास इतिहासच साक्षी आहे. टाटा कंपनीच्या धरणासाठीं येथील भातशेती पाण्याखालीं गेली. सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं १९२१ पासून सत्याग्रह झाला. तरी धरण झालेंच. ज्यांच्या आजोबापणजोबांचीं खाचरें त्या पाण्याखालीं आहेत त्यांस "मोठे लोक सांगतात म्हणून माना" असें सांगणें शोभणार नाहीं, व आम्ही तसें सांगतही नाहीं.

परंतु संशय हा प्रश्नाचा आरंभ आहे. त्यास उत्तर समजूं नये. उत्तर शोधावयास गेलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसते. त्याच टाटांच्या नांवाचें, सर दोराबजी टाटा ट्रस्टनें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलेलें व आतां भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे असलेलें, मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय नेमकें हेंच काम करीत आहे. स्वस्त व जुन्या औषधांची परीक्षा तेथें झाली आहे, आणि त्यांत जंताच्या औषधाचीही झाली आहे.

मेबेंडाझोल हें फेन्बेंडाझोलचें सख्खें भावंड, व माणसांच्या जंतांवर पुष्कळ वर्षें चालत आलेलें. मेंदूंतील अतिशय घातक गांठ एकदां उपचार होऊनही पुन्हां उद्भवली, अशा ८८ रोग्यांस तेथील डॉक्टरांनीं हें औषध दिलें. मात्रा जंतांवर देतात तिच्या कितीतरी पट होती, व जोडीला कर्करोगाचें नेहमींचें औषध होतें. जोडीदार औषध निराळें असे दोन गट पाडले होते. आरंभींच त्यांनीं खूण बांधून ठेविली कीं नऊ महिन्यांनंतर शंभरांत ५५ रोगी जिवंत राहतील तरच हा मार्ग पुढें चालण्याजोगा समजावा. दोन्ही गटांपैकीं एकही त्या खुणेपर्यंत पोंचला नाहीं. २०२२ सालीं त्यांनीं हा निकाल जसाच्या तसा छापून प्रसिद्ध केला. वाचकांनीं विचार करावा: स्वस्त औषध दडविण्याची ज्यांस इच्छा होती ते असे वागते काय? आणि ज्यांस तें औषध चालावें अशी मनापासून इच्छा होती, त्यांनीं निकाल प्रतिकूल आल्यावर तो लपविला काय? औषधावर आशा ठेवून त्याची कसोटी घेणें व कसोटींत तें उतरलें नाहीं तर तसें सांगणें, या दोन गोष्टी एकाच मनांत राहूं शकतात.

याच रुग्णालयांत दुसरीं स्वस्त औषधें कसोटीस उतरलीं, हेंही सांगितलें पाहिजे. दांत काढतांना बधिर करण्यासाठीं जें औषध टोंचतात तें लिग्नोकेन सर्वांच्या परिचयाचें आहे. डॉक्टर राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं देशांतील अकरा रुग्णालयांत स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारें १,६०० स्त्रियांवर परीक्षा केली. अर्ध्या स्त्रियांस शस्त्रक्रियेच्या अगोदर गांठीभोंवतीं हें औषध टोंचलें, अर्ध्यांस टोंचलें नाहीं. पांच वर्षांनंतर टोंचलेल्यांपैकीं शंभरांत ९० जिवंत होत्या व न टोंचलेल्यांपैकीं ८६. हा निकाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. तसेंच तोंडाच्या व घशाच्या असाध्य झालेल्या कर्करोगाच्या ४२२ रोग्यांपैकीं निम्म्यांस शिरेंतून देण्याचें नेहमींचें औषध दिलें, व निम्म्यांस घरीं घेण्याच्या दोन जुन्या गोळ्या, ज्यांपैकीं एक सांधेदुखीवरची आहे. सुईच्या गटांतील निम्मे रोगी सहा महिन्यांहून किंचित् अधिक जगले. गोळ्यांच्या गटांत हा काळ साडेसात महिन्यांचा झाला, व गंभीर त्रासही कमी झाला. हा निकाल २०२० चा. लाभ लहान आहे. त्याला चमत्कार म्हणतां येणार नाहीं. पण तो मोजलेला आहे, आणि गरिबाच्या घरापर्यंत पोंचणारा आहे.

या परीक्षांत आम्हांस जें नैतिक तत्त्व दिसतें तें असें. मोबाईलच्या निरोपांत केवळ बरा झालेलाच बोलतो. परीक्षेंत मेलेल्याचीही साक्ष नोंदली जाते. मेंदूच्या गांठीनें गेलेल्या त्या रोग्यांची नांवें आपणांस ठाऊक नाहींत. परंतु त्यांचें मरण मोजलें गेलें, व त्यामुळें पुढच्या रोग्यास खोटी वाट टळली. जो हिशेब केवळ वांचलेल्यांचा असतो तो कितीही उत्साहाचा असला तरी मेलेल्यांवर अन्याय करणारा आहे, आणि जे आज आजारी आहेत त्यांच्यावरही.

अजून एक आक्षेप राहिला, व तो सर्वांत जड आहे. "डॉक्टरांनीं हात टेकले, घरीं घेऊन जा म्हणाले. आतां गमावण्यासारखें काय उरलें? बुडत्याला काडीचा आधार!"

या म्हणीचा आपण नीट विचार करूं. बुडणाऱ्यानें काडी धरिली तर त्यास कोणीही दोष देणार नाहीं. जीव वांचविण्याची धडपड हें पाप नव्हे. स्वतःच्या शरीराविषयीं अखेरचा निर्णय रोग्याचाच आहे, व त्यानें सर्व ऐकून घेऊन कांहीं ठरविलें तर आपण त्याच्यावर रागावूं नये. परंतु आमचा प्रश्न बुडणाऱ्याविषयीं नाहीं. तो कांठावर उभ्या असलेल्या माणसाविषयीं आहे. ज्याचे पाय जमिनीवर आहेत, ज्याला धांवतां येतें, ज्याला दोर आणतां येतो, त्यानें काडी फेंकावी व "हाच दोर आहे" असें ओरडून सांगावें काय? बुडणारा काडीला दोर समजला तर ती त्याची व्यथा. कांठावरच्यानें तसें म्हटलें तर तो त्याचा अपराध होय. मग त्यानें तें कितीही प्रेमानें म्हटलेलें असो.

आणि गमावण्यासारखें कांहीं उरलें नाहीं हेंही खरें नसतें. जपानांत ऐंशी वर्षांची एक स्त्री फुप्फुसाच्या कर्करोगावर नवें औषध घेत होती. मोबाईलवर पसरणारी हीच वार्ता वाचून तिनें फेन्बेंडाझोलही सुरू केलें, व तिच्या यकृतास गंभीर इजा झाली. तें थांबविल्यावर यकृत सुधारलें. ही हकीकत डॉक्टरांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केली आहे. याहून मोठी हानि अशा रोग्याची होते कीं ज्याचा रोग अजून बरा होण्याजोगा आहे. तो जंताच्या औषधावर दोन महिने काढतो, आणि तोंडांतील जी गांठ पहिल्या महिन्यांत कापून काढतां आली असती ती मानेंत उतरते. आणि जो खरोखरच शेवटास आला आहे त्याचेंही एक धन शिल्लक असतें: थोडे दिवस, शुद्ध मन, आणि घरच्यांशीं खरें बोलण्याची संधि. "या औषधानें तूं उठशील" असें सांगून ते दिवस आपण खोट्या तयारींत घालविले, तर ज्या गोष्टी बोलावयाच्या त्या बोलल्या जात नाहींत, जमिनीची वाटणी होत नाहीं, दूरच्या मुलीला निरोप जात नाहीं. वेदना कमी करण्याचीं औषधें मिळतात, तीं मागावयाचीं राहून जातात.

मग कांठावरच्यानें करावें तरी काय? दोर आणावा. तोंडांतील पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, स्तनांतील गांठ, अवेळीं होणारा रक्तस्राव, गिळतांना होणारा अडथळा, यांपैकीं कांहीं दिसलें तर रोग्यास केवळ "दवाखान्यांत जा" असें न सांगतां त्याच्याबरोबर जावें. गरीब मनुष्य दवाखान्याच्या दारांतून परततो तो बहुधा औषधाच्या भीतीनें नव्हे, तर कागदांच्या व रांगेच्या भीतीनें. कर्करोगाच्या पुष्कळ उपचारांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेंतून होतो. त्याचे कागद जुळविण्यास मदत करणें हें एखाद्या चमत्कारी औषधाची बातमी पोंचविण्यापेक्षां शतपट उपकाराचें आहे. तंबाखू व मिश्री सोडविण्यास कोणतेंही नवें औषध लागत नाहीं. आणि खेड्यांत हें सर्व होणार नाहीं असें कोणी म्हणूं नये. त्या वेळच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत बार्शीच्या व मुंबईच्या रुग्णालयांनीं मिळून १,३१,७४६ खेडवळ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ सालीं निकाल लागला तेव्हां दिसलें कीं गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटांत त्या रोगानें होणारे मृत्यु, तपासणी न झालेल्या गटाच्या मानानें, सुमारें निम्मे होते. तो दोर आपल्याच मराठी खेड्यांत विणला गेला आहे.

ज्या रोग्यास सर्व सांगूनही तें गुराचें औषध घ्यावेंसें वाटतें, त्याला आपण इतकेंच विनवावें कीं तें चोरून घेऊं नका, चालू उपचार सोडूं नका, व डॉक्टरांस स्पष्ट सांगा. आणि डॉक्टर मंडळींस आमची विनंति आहे कीं असा मनुष्य पुढें आला तर त्यास हंसूं नये. हंसलें म्हणजे तो पुढच्या वेळीं सांगत नाहीं, व न सांगितलेलें औषध सर्वांत धोक्याचें.

ज्यांच्या शब्दावर गांव विसंबतो त्यांस शेवटीं एवढेंच सांगावयाचें आहे. "हें द्यावें काय?" असें कोणी विचारील तेव्हां ठाऊक नसलेलें ठाऊक आहे असें सांगूं नका, कोणास बरें वाटावें म्हणून देखील नाहीं. "या औषधानें कर्करोग बरा होतो असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं, त्याच्या भावंडाची परीक्षा मुंबईस झाली व तें कसोटीस उतरलें नाहीं, उद्यां सकाळच्या एसटीनें मी तुमच्याबरोबर दवाखान्यांत येतों," हीं तीन वाक्यें पुरेशीं आहेत. पहिलीं दोन बोलण्यास सत्य लागतें. तिसरें बोलण्यास एका दिवसाची मजुरी सोडावी लागते, आणि रोग्याचा आपल्यावर विश्वास बसतो तो बहुधा त्या तिसऱ्या वाक्यामुळेंच.